मागील पानावरून पुढे चालू

आमच्या घराण्याला बांधकाम लाभत नाही. आजोबांनी परसात विहीर खणायला घेतली, तिला पाणी लागण्याऐवजी कातळ लागला. पुढची तीस वर्षे तो खड्डा ‘खोटं बोललास तर ढकलीन त्यात’ एवढे म्हणण्याच्याच कामी आला. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पोस्टमास्तरकीच्या पगारातून पडवीला भिंत घालून एक खोली काढली, ती पहिल्याच पावसात पुन्हा पडवी झाली. मी शहाणा, मी डोंबिवलीत तयार फ्लॅट घेतला. तेव्हा वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी काहीतरी बांधायला घेतले आहे हे कानावर पडताच सौ.च्या हातातली पळी जागच्या जागी थांबली.

“काय बांधताय?”

“लायब्ररी.”

“कुठे? बाल्कनीत? तिथे माझी तुळस आहे हं!”

दोष तिचा नाही. कॉम्प्युटरवाल्यांनी सगळे शब्द आपल्याच घरातून उचलून नेले आहेत. त्यांच्या लायब्ररीत पुस्तक नसते, ग्रंथपाल नसतो, ‘शांतता राखा’ची पाटीही नसते. एखादे किचकट काम कोणीतरी एकदाच नीट लिहून ठेवायचे आणि बाकीच्यांनी ते आपापल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचे, ह्या तयार सामग्रीला ते लायब्ररी म्हणतात. आमच्या आजीने भाजणीचे प्रमाण एकदा ठरवून दिले आणि तीन पिढ्या थालीपिठे थापत राहिल्या, त्यातलाच प्रकार. शिवाय ही लायब्ररी ‘ओपन सोर्स’, म्हणजे भाजणी फुकट आणि वर प्रमाणही उघड. हे मी सौ.ला समजावून सांगितले. “मग तुम्हाला कशाला बांधायला हवी?” असे तिने विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर आधी दादाविषयी सांगावे लागेल.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. नागपुरास असतो. २००२ साली, अण्णा निवृत्त होऊन गावी बसले होते तेव्हा, दादाने महिनाभराची रजा काढून त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. गावचे पोस्ट, मनिऑर्डरींची वाट पाहणाऱ्या बायका, तारेचा शिपाई आला की बंद होणारी दारे, असे पुष्कळ. दादाने त्या दिवसांत कॉम्प्युटरचा क्लास केला होता, त्यामुळे साध्या वहीत लिहिणे त्याला कमीपणाचे वाटले. त्याने ४१ वेबपाने केली. फुकटात जागा देणाऱ्या कुठल्याशा कंपनीच्या साइटवर ती चढवली आणि एका सीडीवर घालून आईच्या ट्रंकेत ठेवली. ती कंपनी पुढे बंद पडली. दादाचा कॉम्प्युटर भंगारात गेला. अण्णा २०११ साली गेले. राहिली ती सीडी.

आईचे सहस्रचंद्रदर्शन जवळ आले, तेव्हा अण्णांच्या आठवणींची छोटी पुस्तिका छापून पाहुण्यांना द्यावी असे माझ्या मनाने घेतले. आता तुम्ही म्हणाल, दादाला एक फोन करायचा होता. बरोबर आहे. पण २०१४ साली गावचे घर विकले, तेव्हापासून आम्हा भावांचे बोलणे दिवाळीच्या दिवशी ‘काय, फराळ झाला का?’ इथवर येऊन थांबले होते. भांडण असे नव्हते. भांडण परवडले, ते मिटवता तरी येते. आमच्यात नुसता हिशेब झाला होता, आणि तो मीच केला होता, पैशापर्यंत चोख.

सीडी घातली. जुना मराठी फॉन्ट शोधून घालावा लागला, तो एक निराळाच पुराणप्रसंग आहे, पुन्हा केव्हातरी. पाने उघडली आणि मी कपाळाला हात लावला. दादाने एक पद्धत ठेवली होती: अण्णांचे बोलणे सरळ अक्षरांत आणि मधूनमधून स्वतःची टीप तिरक्या अक्षरांत. पद्धत छान होती. पण पहिल्या पानावर चौथ्या ओळीपासून जी अक्षरे तिरकी झाली, ती पान संपेपर्यंत सरळ होण्याचे नाव घेईनात. दुसऱ्या पानाचे तेच, तिसऱ्याचेही तेच. अण्णांच्या आठवणींत अण्णा रुपयातले चार आणे आणि बाकीचा सगळा दादा. आणि खरे सांगतो, पुस्तिकेतून दादाच्या टिपा गाळाव्यात असा माझा बेत होता. तिरके ते सगळे काढले असते, तर अण्णांची पुस्तिका निमंत्रणपत्रिकेच्या पाठीमागे मावली असती.

कन्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने पानाचा मूळ मजकूर उघडून दाखवला.

“बाबा, काकानी टॅग बंद केलेले नाहीत.”

वेबपान ज्या एचटीएमएलमध्ये लिहितात तिच्यात सगळा कारभार टॅगांचा. ‘इथून तिरके’ हा उघडण्याचा टॅग, ‘इथवर तिरके’ हा मिटण्याचा. जे उघडले ते मिटायचे, आत उघडलेले आधी मिटायचे. एवढा सोपा नियम. पण आमच्या दादाने जन्मात कधी डब्याचे झाकण लावलेले नाही. कपाट उघडे, टूथपेस्ट उघडी, फाटक उघडे. तो टॅग तेवढा मिटेल ही अपेक्षाच चूक.

पण ह्या बाबतीत दादा एकटा नाही. टिम बर्नर्स-ली ह्या गृहस्थांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न ह्या संशोधनसंस्थेत बसून वेब सुरू केले. १९९१ साली ते बाहेरच्या जगाला खुले झाले आणि पाहता पाहता अर्ध्या जगाने झाकणे उघडी टाकली. ब्राउझर बिचारे सोशिक. चुकलेले पान परत करण्याऐवजी ‘असे म्हणायचे असेल बुवा’ असा तर्क करून दाखवायचे. एक्सएमएल म्हणून ह्याच जातीची दुसरी भाषा आहे, १९९८ सालची. ती आमच्या चेक पास करणाऱ्या अधिकाऱ्यासारखी: सहीचा एक फाटा चुकला की चेक परत. एचटीएमएल म्हणजे वाण्याकडची उधारी. पण प्रत्येक ब्राउझर आपापला तर्क लढवणार, म्हणजे एकाच पानाची चार रूपे. शेवटी जाणत्यांनी बसून, कोणती चूक झाली असता तिची दुरुस्ती नेमकी कशी करायची, ह्याची नियमावलीच लिहिली. २०१४ साली एचटीएमएल५वर शिक्कामोर्तब झाले त्यात ती आहे. मी ती चाळली. त्यात एके ठिकाणी म्हटले आहे की, ‘आयएमजी’ऐवजी कोणी ‘इमेज’ असा टॅग लिहिला तर तो मुकाट्याने ‘आयएमजी’ समजावा; आणि पुढे कंसात म्हटले आहे, का ते विचारू नका. नियमावलीत असा कंस घालणाऱ्या माणसाबद्दल मला एकदम आपुलकी वाटली. आमच्या बँकेच्या परिपत्रकांत हा कंस बहुतेक ठिकाणी शोभेल.

ह्या नियमावलीप्रमाणे पान वाचून त्याची नीट मांडणी करून देणाऱ्या सामग्रीला पार्सर म्हणतात. असे पार्सर पुष्कळ आहेत, पण कन्येने सुचवला तो ‘गंबो’. गूगलने २०१३ साली खुला केलेला, सी भाषेत लिहिलेला. असल्या चुकांनी भरलेल्या पानांना त्या लोकांत ‘टॅगांचे सूप’ म्हणतात, आणि गंबो हे अमेरिकेतल्या लुईझियानाचे सगळे काही घालून केलेले दाट सूप. नाव पडले आफ्रिकेतल्या भेंडीच्या शब्दावरून. म्हणजे थोडक्यात ऋषीची भाजी. आई हे ऐकून म्हणाली, “भेंडी असेल तर तार सुटणार.” ते पुढे अक्षरशः खरे झाले.

“पण हाच का?” मी कन्येला विचारले.

“हा दुरुस्ती करतो, पण दुरुस्ती कुठे केली ते लिहून ठेवतो. मूळ मजकुरात ते कुठे होतं, तेही.”

माझ्यातला कारकून ताठ बसला. खाडाखोड केली तर शेजारी सही करणारा प्राणी मला आमच्या शाखेतसुद्धा फारसा भेटलेला नाही. शिवाय गंबोचे काम आता थांबले असून त्याचे मूळ दप्तर नुसते पाहण्यापुरते ठेवले आहे, हेही कळले. हे तर उत्तमच. मिटलेल्या खातेवहीत कोणी रात्रीतून नवीन नोंदी करत नाही.

तर बांधकाम. जुन्या लॅपटॉपवर कन्येने लिनक्स घालून दिले आणि ती कॉलेजला गेली. ‘वाचा’ म्हणून जी फाइल असते तिच्यात कृती दिली होती: ऑटोजेन, कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. तिथे लेखकांनीच ह्याला मंत्र म्हटले आहे. मी आंघोळ करून बसलो.

ह्या लायब्ररीला बाहेरचे काहीही लागत नाही, असे तिथे अभिमानाने म्हटले होते. आमचे एक मामा असेच दारातूनच सांगतात, मला काही नको. मग नुसता चहा, मग चहाबरोबर काहीतरी, मग ‘बसलोच आहे तर वरणभात टाका’. ऑटोजेन म्हटल्यावर उत्तर आले की ऑटोकॉन्फ नाही. ते आणले. ऑटोमेक नाही. तेही आणले. लिबटूल नाही. वाण्याच्या दुकानात तिसऱ्यांदा जाणाऱ्या नवऱ्याची कळा माझ्या चेहऱ्यावर आली असावी, कारण सौ.ने न मागता चहा दिला.

मग कॉन्फिगर. हा प्रकार मला फार आवडला. कर्ज देण्यापूर्वी आम्ही जशी चौकशी करतो तशी हा यंत्राची करतो. सी कंपायलर आहे का, आहे. तो चालतो का, चालतो. फोल्डर करता येतो का, येतो. आणि मध्येच एक ओळ आली: भोवतालची परिस्थिती शहाणपणाची आहे का? आणि स्वतःच उत्तर: येस. मी ती ओळ सौ.ला बोलावून दाखवली. तिने पडद्याकडे पाहिले, चहाच्या तीन कपांकडे पाहिले, जमिनीवर पसरलेल्या आईच्या ट्रंकेकडे पाहिले. “यंत्रच ते, फसतं कधीकधी,” म्हणाली.

‘मेक’ म्हटल्यावर मात्र अर्ध्या मिनिटात काम संपले. माझा विश्वास बसेना, म्हणून पुन्हा ‘मेक’ म्हटले. उत्तर आले, करण्यासारखे काही उरलेले नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य साहेबांसमोर उच्चारण्याची हिंमत मला झालेली नाही.

आता चाचणी. बांधले आणि राहायला गेलो, असे ह्या लोकांत चालत नाही. आमच्या अण्णांनीही पडवीच्या भिंतीवर आधी दोन घागरी पाणी ओतून पाहायला हवे होते. एचटीएमएल५लिब नावाच्या एका प्रकल्पाने चुकलेल्या पानांचा मोठा संग्रह करून ठेवला आहे: न मिटलेले टॅग, उघडण्याआधीच मिटलेले, तक्त्यात तक्ता, यादीत नसता उपद्व्याप. कोणताही नवा पार्सर त्यावर घासून पाहतात. म्हणजे दादासारख्या शेकडो दादांची अव्यवस्था कोणीतरी व्यवस्थित लावून ठेवली आहे. गंबो त्यातून तावून सुलाखून निघालेला. शिवाय गूगलच्या साठ्यातल्या अडीच अब्जांहून अधिक पानांवर तो चालवून पाहिला होता, असे करणारेच सांगतात. तरी आपल्या यंत्रावर पुन्हा तपासायचे. नोटा मोजून आलेल्या असल्या तरी आपण मोजतो, तसे.

ह्या चाचणीला गूगलटेस्ट म्हणून आणखी एक सामग्री लागते. (मामा: बसलोच आहे तर ताकही द्या.) मी सगळ्यात नवी आणली, तिचे ह्या जुन्याशी पटेना; दोन पानभर चुका आल्या. जुनी आवृत्ती आणली तेव्हा जमले. सासू ज्या काळातली, सून त्याच काळातली. शेवटी ‘मेक चेक’ म्हटले, पुष्कळ वेळ काहीतरी चालले आणि निकालपत्रक आले. एकूण: १. पास: १. तीन रात्री जागून एक! कन्येने समजावले की त्या एकाच्या पोटात पुष्कळ बारीक चाचण्या असतात. निकालपत्रकात आणखी रकाने होते. ‘एक्सफेल’ म्हणजे नापास होणार अशी अपेक्षा होती आणि झाला. ‘एक्सपास’ म्हणजे नापास होणार अशी अपेक्षा असताना पास झाला. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी मी नेमका कोणत्या रकान्यात होतो, हे मला एवढ्या वर्षांनी कळले.

इन्स्टॉल करताना यंत्राने पासवर्ड विचारला आणि मी टाइप करतो तर पडद्यावर काहीच उमटेना. आमच्या बँकेत निदान चांदण्या तरी दिसतात. मी चार वेळा कीबोर्ड झटकला. नंतर लायब्ररी जागेवर बसली असूनही ती सापडत नाही अशी तक्रार आली. ‘एलडीकॉन्फिग’ म्हणून एक आज्ञा दिल्यावर सापडली. म्हणजे नवा माणूस टेबलावर येऊन बसला होता, पण मस्टरवर नाव चढले नव्हते. हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

गंबोबरोबर काही नमुन्याचे प्रोग्रॅम येतात. त्यातला पानाचे शीर्षक सांगणारा मी पहिल्यांदा चालवला. पहिल्या पानाचे शीर्षक: ‘न्यू पेज १’. दुसऱ्याचे: ‘न्यू पेज १’. एक्केचाळीसही पानांचे नाव ‘न्यू पेज १’. दादा, दुसरे काय! मजकूर काढायला गेलो तर जागोजागी काळ्या चौकटीत प्रश्नचिन्हे उगवली. गंबोला फक्त यूटीएफ-८ ही एकच लिपीव्यवस्था कळते, आणि तेही त्यांनी आधीच स्पष्ट लिहून ठेवले होते. मी ते परिच्छेद मृत्युपत्राच्या साक्षीदारासारखे न वाचता उलटले होते. पाने आधी रूपांतरित करून घेतली आणि मग पार्सर सुरळीत चालला.

त्याची दुरुस्तीची रीत पाहण्यासारखी आहे. तक्त्याच्या चौकटीबाहेर पडलेला मजकूर तो टाकून देत नाही. उचलून तक्त्याच्या आधी नेऊन ठेवतो, आणि नियमावलीत ह्याला म्हणतात पालकत्व देणे. एकमेकांत आडवेतिडवे अडकलेले टॅग सोडवण्याच्या रीतीचे नाव तर चक्क दत्तकसंस्था. आईची मोदकांची कृती दादाने अशीच चौकटीबाहेर टाकली होती. ती आता ओटीवर बसलेल्या पाहुण्यासारखी तक्त्याआधी आली. आणि न मिटलेला तिरका टॅग? परिच्छेद संपला तरी तो मनात धरून ठेवायचा, नवा परिच्छेद सुरू झाला की पुन्हा घालायचा. मात्र तिथे खूण करायची की हा मूळचा नव्हे, हा मी मागून पुढे आणला.

अहो, म्हणजे ‘मागील पानावरून पुढे’! रोजकीर्दीच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर आम्ही जे लिहीत आलो, तेच. ती काही त्या पानावरची जमा नसते, ती मागची ओढलेली असते. कन्येने चाळीस ओळींचा प्रोग्रॅम लिहून दिला. प्रत्येक तिरक्या तुकड्यापुढे ‘मूळ’ किंवा ‘ओढलेला’ अशी नोंद. एकूण २१२ तिरके तुकडे निघाले, त्यातले १३९ ओढलेले. म्हणजे ते परिच्छेद दादाचे नव्हतेच, अण्णांचे होते. दादाची टीप त्याआधीच्या परिच्छेदात कधीच संपली होती. मी रात्री दोनपर्यंत एकेका ओढलेल्या तुकड्याचा टॅग काढत गेलो आणि अण्णा सरळ होत गेले. तारेचा शिपाई सरळ झाला. मनिऑर्डरवाल्या बायका सरळ झाल्या. अण्णांचा आवाज ऐकू येऊ लागला, म्हणायला हरकत नाही.

सदतिसाव्या पानावर अडलो. तिथे मूळचाच टॅग होता आणि त्याच्यापुढे, त्याच परिच्छेदात, दोन वाक्ये. पहिले: ह्या वेळी मी नागपुरास होतो. हे उघडच दादाचे. दुसरे: धाकटा चिरंजीव हिशेबाला चोख, पण घरच्या माणसांशी बोलायला त्याला पैसे पडतात.

परिच्छेद समाप्त.

टीप पहिल्या वाक्याशी संपली, की दुसऱ्याशी? मिटवण्याचा टॅग नाही. मी नियमावली पुन्हा वाचली, पार्सर पुन्हा चालवला. दोन्ही वाक्यांपुढे ‘मूळ’. तो खोटे बोलत नव्हता, त्याच्यापुरते ते खरेच होते. पण मला हवे होते ते निराळेच. हे दादा म्हणाला असेल तर मी समजू शकत होतो. २००२ सालीसुद्धा तो मला असे काहीबाही बोलायचा. अण्णा म्हणाले असतील तर? मी शेजारच्या खोलीत असताना, दादाला सांगून, लिहून घे म्हणून?

रविवारी सकाळी फोन केला. दिवाळी नव्हती, त्यामुळे दादा घाबरला.

“आई बरी आहे ना रे?”

“बरी आहे. दादा, तू सदतिसाव्या पानावर टॅग मिटवला नाहीस.”

तिकडे बराच वेळ शांतता. बावीस वर्षांनी कोणी झाकणाबद्दल विचारले तर माणूस दुसरे काय करणार? मी सगळे सांगितले. गंबो, मेक चेक, २१२, १३९. मग ते वाक्य वाचून दाखवले. वाचताना माझा आवाज जरा बँकेतल्यासारखा झाला.

“अण्णांचं आहे ते,” दादा म्हणाला. “मी नुसतं लिहून घेतलं.”

“बरं.”

“थांब, ठेवू नकोस. त्याच्यापुढे अजून एक वाक्य होतं.”

“नाहीये. मूळ मजकुरातसुद्धा नाही, मी पाहिलं.”

“नसणारच. मी टाइपच केलं नाही. ‘थोरला बोलतो पुष्कळ, पण ऐकून घेत नाही, आणि उघडलेलं काही मिटवत नाही,’ असं म्हणाले होते.”

मी हसलो. तोही हसला. फोन ठेवला तेव्हा ४७ मिनिटे झाली होती. त्यात घराचा विषय एकदा निघाला आणि त्याच्या बाजूने मांडलेला हिशेब मी पहिल्यांदाच पुरता ऐकला. पटला असे नाही, पण ऐकला. टिपा ठेवायच्या असे ठरले. मुद्रिते तो पाहणार होता, पण टॅग त्याच्याकडे द्यायचे नाहीत ह्यावर कन्या ठाम राहिली.

सहस्रचंद्रदर्शनाच्या आदल्या रात्री छापील पुस्तिका आली. दादा येऊन बसला होता आणि आल्या आल्या फाटक उघडे टाकून आला होता. सदतिसावे पान मी आईला वाचून दाखवले. दोन्ही वाक्ये, एकाखाली एक, सरळ अक्षरांत, अण्णांच्या नावावर.

आईने ऐकून घेतले, चष्मा पुसला.

“ह्यांचं काय त्यात?” ती म्हणाली. “दोन्ही वाक्यं मीच सांगितली होती त्यांना.”